चारचं पाणी

"घोरपडे, हलू नकोस," केळुसकर म्हणाला. "मासा विचार करतोय."

मी हलत नव्हतो, कुडकुडत होतो. पण त्याला ते सांगून उपयोग नव्हता. मांड्यांपर्यंत पाण्यात उभा असलेला माणूस कोरड्या दगडावर बसलेल्याचं गाऱ्हाणं ऐकून घेत नाही. त्याने काठी मागे नेली, पुढे झटकली, दोरी हवेत सरळ झाली आणि तिच्या टोकाची पिसाची माशी पलीकडच्या काळ्या खडकाजवळ पाण्यात पडली. तिथून ती वाहत वाहत आली, तिला कोणी विचारलं नाही. त्याने पुन्हा फेकली. सकाळपासून पाचशे वेळा तरी फेकली असेल.

"झाला विचार करून?" मी विचारलं.

"नाही म्हणतोय."

मग त्याने काठीचं टोक तोंडात घेतलं आणि चोखायला लागला. दोरी ज्या कड्यांमधून जाते त्या कड्यांत बर्फ धरायचा, आणि तो वितळवायला त्याच्याकडे तेवढाच उपाय होता. दिवसभर बर्फ चोखून त्याचे ओठ निळे पडलेले असत. त्याच ओठांनी तो मला सांगे की बाबा रे, माझ्या आज्याने मालवणला रापणीचं जाळं ओढलं, बापाने होडी घातली, आणि मी पीएच.डी. होऊन हिमालयात कोंबड्याच्या पिसाने मासे धरतोय. घरी सांगितलं तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

ही अठ्ठ्याऐंशी सालच्या डिसेंबरातली गोष्ट. मी सत्तावीस वर्षांचा होतो. हिमाचलात नैरा नावाची एक नदी आहे, तिच्यावर एक लहान बंधारा होता आणि त्या बंधाऱ्यावर मी इंजिनिअर होतो. कऱ्हाडहून इतक्या लांब मला कोणी पाठवलं आणि मी का गेलो, हे आता आठवत नाही. बहुतेक थंड हवेची हौस असावी. ती पहिल्याच हिवाळ्यात फिटली.

जनार्दन केळुसकर बंधाऱ्यापासून चार मैलांवर ट्राउट माशांचं उबवणी केंद्र चालवायचा. वय चौतीस, दाढी वाढलेली, डोक्यावर कानटोपी. त्या सबंध खोऱ्यात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्याची बायको वृंदा वहिनी बाळंतपणासाठी मालवणला गेली होती आणि मुलगी तीन महिन्यांची झाली तरी रस्ते उघडेपर्यंत येऊ नको असं त्यानेच तिला लिहिलं होतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी तो माझ्याकडे किंवा मी त्याच्याकडे. तिसरं माणूस भेटत नसलं की दोन माणसांची मैत्री लवकर होते, आणि आमची तशीच झाली होती. मला त्याच्यावाचून करमत नसे, हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही.

नोव्हेंबरात त्याच्या केंद्राची पाण्याची नळी एका रात्रीत गोठली आणि हौदातल्या सगळ्या माद्या मेल्या. ट्राउट थंडीत अंडी घालते. माद्या नाहीत म्हणजे अंडी नाहीत, अंडी नाहीत म्हणजे पुढच्या वर्षी केंद्रात नुसतं पाणी. त्यामुळे त्याने ठरवलं की नदीतून वीस माद्या जिवंत धरायच्या. जाळं टाकावं तर दगडांत अडकतं. राहिला गळ. थंडीत तिथे मासेमारीला बंदी असते, पण त्याने खास परवानगीचं पत्र आणलं होतं आणि ते तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कानटोपीच्या घडीत ठेवायचा. विचारायला कोणीच येत नसे. एकदा त्याने ते समोरच्या दगडावर बसलेल्या पाखराला उघडून दाखवलं होतं.

उन्हाळ्यात ट्राउट पाण्यावरची माशी टिपायला वर येते. थंडीत येत नाही. तळाशी दगडाच्या आडोशाला पडून राहते, आणि तोंडासमोरून काही गेलं तर, आणि तिच्या मनात आलं तर, तोंड उघडते. म्हणून केळुसकर माशीच्या पोटाला तांब्याची तार गुंडाळून ती जड करायचा, म्हणजे तळापर्यंत जाते. गळाचा उलटा काटा त्याने पकडीने चेपून टाकलेला असे, मादीच्या तोंडाला इजा नको म्हणून. धरलेली मादी काठाशी पाण्यात ठेवलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात सोडायची आणि संध्याकाळी पिंपातून केंद्रात न्यायची. त्या दिवसापर्यंत एकोणीस झाल्या होत्या. विसावी काही मिळत नव्हती, आणि दोन-चार दिवसांत नदीतल्या माद्या अंडी टाकून मोकळ्या झाल्या असत्या.

आता पाण्याचं सांगायला हवं. थंडीत नदी बारीक होते. दिवसभर पाणी बंधाऱ्यात अडवून ठेवायचं आणि चार वाजता सोडायचं, म्हणजे पुढच्या वीजघरात दिवेलागणीला यंत्र फिरेल, असा आमचा शिरस्ता होता. चारचं पाणी, असंच त्याला सगळे म्हणत. दार उघडल्यावर ते आम्ही होतो त्या घळीतल्या डोहापर्यंत आठ मिनिटांत पोचे, पुरुषभर उंचीचं. एरवी आधी भोंगा वाजवत, पण आठवड्यापूर्वीच्या बर्फात भोंग्याची मोटर जळली होती आणि दुसरी यायची होती. म्हणून त्या आठवड्यात मी वायरलेसवरून निरोप दिल्याशिवाय दार उघडायचं नाही असं ठरलं होतं. दारावर टेकराम नावाचा ऑपरेटर असे. जवळच्याच गावचा, पंचेचाळिशीचा, पट्टूचा जाड लोकरी कोट घातलेला, कधी घाई न करणारा माणूस. नोकरी रोजंदारीवरची, पण अकरा वर्षं तो त्या दाराशी होता.

साडेतीन वाजले तशी मी केळुसकरला हाक मारली.

"चल, आवर. चारचं पाणी येईल."

"अर्धा तास दे."

"उद्या धर."

"उद्या ती नसणार रे. आत्ता त्या काळ्या दगडामागे आहे, दोनदा हलताना पाहिली मी." त्याने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "टेकरामला सांग, मी वर रस्त्यावर आल्याशिवाय दार उघडायचं नाही. साडेचारला आलो नाही तर तू येऊन कॉलर धरून ने मला."

घळीत वायरलेस लागत नसे. मी वाट चढून वर रस्त्यावर गेलो. तिथून सरळ खाली पाहिलं की डोह दिसे, केळुसकर बोटाएवढा दिसे. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं. मी पावणेचारला टेकरामला सांगितलं की डॉक्टरसाहेब वर येईपर्यंत थांब, मी कळवतो. तो म्हणाला, ठीक है जी. हे त्याला नीट ऐकू गेलं होतं, त्याने पुढे ते नाकारलंही नाही.

आमचे सेट जुने होते. बटण दाबून मनात एक म्हणायचं आणि मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द पलीकडे पोचत नसे. थंडीत बॅटरी उतरली की आवाजही चिरका यायचा. चार वाजून बारा मिनिटांनी तो खरखरला आणि टेकरामचा आवाज आला.

"...साब आ गए जी?"

माझी बोटं लाकूड झाली होती. बटण दाबता दाबताच मी बोललो.

"नहीं, अभी खाली है."

थोडी खरखर झाली. "खाली है जी? पक्का?"

"हां. खाली है."

"ठीक है जी."

मी सेट खिशात घातला. टेकराम पुन्हा विचारून खात्री करून घेतो याचं मला बरं वाटलं, हे मला स्वच्छ आठवतं. मग वाऱ्याकडे पाठ करून मी एक सिगरेट पेटवली. तिला चार काड्या लागल्या.

सिगरेट अर्धी झाली असेल, तेवढ्यात त्याच्या गळाला मासा लागला. इतक्या वरूनही मला कळलं, कारण त्याची काठी वाकली आणि तो एकदम ताठ झाला. मोठा मासा असावा. तो डोहाच्या पार टोकाला गेला, केळुसकर त्याच्या मागे मागे दोन पावलं आत सरकला, मासा परत आला, पुन्हा गेला. ओढाओढ न करता तो त्याला नुसता दमवत होता. मी रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून बघत होतो. मनात म्हणत होतो की आता हिला सोडू नकोस बाबा, म्हणजे आपण घरी जाऊ. शेवटी त्याने वाकून दोन्ही हात पाण्यात घातले आणि मासा वर उचलला. मादी होती. पोट पिवळं, चांगलं फुगलेलं. त्याने ती माझ्याकडे करून दाखवली आणि काहीतरी ओरडला. नदीच्या आवाजात मला शब्द कळले नाहीत, पण मालवणीतच ओरडला असणार. आनंद झाला की त्याची मराठी मालवणात जायची.

मी उभा राहिलो, हात वर केले. आणि मग मला नदीचा आवाज वेगळा वाटला.

वळणावर पाहिलं तर काठाचे दगड दिसेनासे होत होते. पाण्यापुढे पाचोळा आणि बर्फाचे पापुद्रे ढकलले जात होते. मला वाटतं मी क्षणभर नुसता बघत राहिलो, कारण ते पाणी तिथे येणं शक्यच नव्हतं. मग मी ओरडलो. "वर ये! जना, वर ये!" दोन्ही हात डोक्यावर हलवत ओरडलो. त्याला वाटलं मी शाबासकी देतोय. त्याने मासा आणखी उंच धरला.

नंतर त्याने वळून पाहिलं. मासा त्याने टाकला नाही, हात पाण्यात नेऊन सोडला. एवढ्यातसुद्धा त्याने तो सोडला. काठापर्यंत पाच पावलं होती. त्याने दोन टाकली.

मी सेटवर ओरडत रस्त्याने धावत सुटलो. बंद करो, बंद करो. दार बंद व्हायला चार मिनिटं लागतात. पाण्याबरोबर धावता येत नाही हे मला धावताना कळत होतं, तरी मी पुलापर्यंत गेलो. पाण्यात जाळीचा पिंजरा एकदा दिसला. त्याच्याखेरीज काही दिसलं नाही.

टेकराम मागून आला. एवढं अंतर तो धावत आला होता, त्याची टोपी कुठे पडली होती आणि त्याला बोलता येत नव्हतं. पुलाच्या कठड्याला धरून तो आधी नदीकडे बघत राहिला आणि मग माझ्याकडे.

"साब, आपने बोला था खाली है."

माझा तोल गेला. मी त्याच्या कोटाला धरलं आणि हिंदी वगैरे सगळं विसरून ओरडलो, "अरे हो! खालीच होता ना तो! खाली—"

आणि तिथे माझं मलाच ऐकू आलं.

टेकरामला मराठी येत नव्हती, माझ्या ओरडण्यातला तो एकच शब्द त्याला कळला असणार. मी त्याचा कोट सोडला. मी पुलावरच बसलो. तो बिचारा माझ्याशेजारी बसून माझी पाठ चोळत होता.

आमचं हिंदी म्हणजे काय, मराठीच, शेवटी 'है' लावलेलं. अडीच वर्षं मी त्याच हिंदीवर राज्य केलं होतं. जेवण बढवो म्हटलं तरी लोक हसून जेवण वाढत, मला समजून घेत. 'नहीं' माझ्या बटणाने खाल्लं, आणि उरलेलं मी दोनदा, अगदी ठासून सांगितलं. त्याच्या हिंदीत खाली म्हणजे रिकामी, तो नदीचं विचारत होता. मी माणसाचं सांगत होतो. एका साध्या 'नीचे'ने केळुसकर वर आला असता, जेवला असता आणि मला म्हणाला असता की घोरपड्या, विसावी मिळाली.

उजेड होता तोवर गावातल्या माणसांनी त्याला बाहेर काढलं. कपाळावर एक जखम होती, बाकी काही नाही. कानटोपी आणि तिच्यातलं पत्र मिळालं नाही.

चौथ्या दिवशी वृंदा वहिनी आली, भावाला घेऊन. तान्ह्या मुलीला आईपाशी ठेवून आली होती. बर्फाने सबंध खोरं पांढरं झालं होतं आणि ती कोकणातली बाई पायात साध्या चपला घालून आली होती. गावातल्या कोणीतरी तिला लोकरीचे मोजे दिले, त्यावर तिने चपला चढवल्या. रडून रडून तिचा आवाज बसला होता. दहन झालं तसं ती म्हणाली, मला ती जागा बघायचीय. मी तिला रस्त्यावर त्याच ठिकाणी नेलं. मागे थोड्या अंतरावर टेकराम हात जोडून उभा होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण जा असंही कोणी म्हणालं नव्हतं.

"कुठे होते ते?" तिने विचारलं.

मी बोट दाखवलं.

"इतक्या खाली?" तिने हात लांब करून घळीकडे दाखवला. "तिथे खाली? आणि माणूस खाली आहे हे माहीत असताना पाणी सोडलं?"

मी मान हलवली. मान हलवली म्हणजे काय सांगितलं, ते मला आजही सांगता यायचं नाही. टेकराम तिच्याकडे बघत होता. चेहऱ्याकडे नव्हे, घळीकडे दाखवणाऱ्या हाताकडे.

जाताना वहिनीने माझा हात धरला. "भाऊजी, त्यांना इथे तुमच्याशिवाय कोणी नव्हतं. पत्रात तुमच्याबद्दलच असायचं सगळं. ज्याने दार उघडलं त्याला सोडू नका."

पुढच्या आठवड्यात चौकशी झाली. रेस्ट हाऊसमध्ये शेगडी पेटवून एक मोठे साहेब बसले होते, बाजूला त्यांचा लिहिणारा कारकून. आधी टेकरामला विचारलं. त्याने दारावरचं रजिस्टर उघडून पुढे केलं. त्यात त्याच्या अक्षरात लिहिलं होतं : चार बारा, नदी खाली, इंजीनियर साहब ने बताया. साहेब म्हणाले की हे तूच लिहिलंस ना, मग याला काय अर्थ आहे. टेकराम म्हणाला की जी, लिहिलं मीच, पण सांगितलं साहेबांनी. आणि तो माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या बघण्यात राग नव्हता. अडीच वर्षं जो माणूस सांगेल तेव्हा त्याने दार उघडलं आणि सांगेल तेव्हा बंद केलं, तो माणूस आता खरं काय ते सांगेल, इतकंच त्यात होतं.

मग साहेब माझ्याकडे वळले.

"आपने वायरलेस पर कहा था कि नदी खाली है?"

"नहीं," मी म्हणालो.

हे खरं होतं. नदी हा शब्द मी उच्चारलाच नव्हता. आठ दिवस रात्रंदिवस विचार करून मी हे शोधून काढलं होतं.

"तो क्या कहा था?"

"कि आदमी अभी नीचे है."

कारकुनाने लिहिलं, नीचे. मी त्याच्या लेखणीकडे बघत होतो. मी म्हणालो त्याचा तो नुसता अर्थ आहे, शब्द दुसरा होता, एवढं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. साहेब भला माणूस दिसत होता. त्याने ऐकलं असतं, कदाचित म्हणालाही असता की अरेरे, भाषेचा घोटाळा झाला, आणि दोघांनाही ताकीद देऊन सोडलं असतं. पण मला भीती वाटली. दुसरं काहीही नाही. नोकरीची वाटली, तुरुंगाची वाटली, आणि सगळ्यात जास्त वहिनीची वाटली, की तिला कळेल, ती मला भाऊजी म्हणाली होती.

"साब ने खाली बोला था जी," टेकराम म्हणाला. "दो बार. मैंने पूछा भी, पक्का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो की सेटमध्ये आवाज नीट येत नव्हता, यांना काय ऐकू गेलं ते मी कसं सांगू. साहेबांनी मान डोलावली. जबाब वाचून दाखवला, मी सही केली. टेकरामने अंगठा नाही, सही केली. पाचवीपर्यंत शिकलेला होता.

त्याला काढून टाकलं. निष्काळजीपणाचा खटला झाला आणि तो चार महिने आत होता. मला भोंग्याची नवी मोटर वेळेत न बसवल्याबद्दल समज मिळाली.

जूनमध्ये मला महाराष्ट्रात बदली मिळाली. मीच अर्ज केला होता. बाजारात बसच्या थांब्यावर गेलो तर हमाली करणाऱ्या माणसांत टेकराम बसला होता. दाढी पांढरी झाली होती. मला पाहून तो उठला आणि हात जोडले. सुटून आल्यावर तो तिथेच असतो हे मला कोणीतरी सांगितलं होतं, आणि म्हणूनच मी पहाटेची बस धरायची ठरवली होती. पण बसला उशीर झाला होता.

आम्ही थोडा वेळ पाऊसपाण्याचं बोललो. तुमच्याकडे फार गरम होत असेल ना, असं त्याने विचारलं. घरी कोण कोण आहे विचारलं. मग बस आली, माणसं चढायला लागली, आणि तो माझ्या ट्रंकेपाशी उभा राहून म्हणाला, "साब, एक बात पूछनी थी."

"पूछो."

"वो बीबीजी आई थीं ना, डॉक्टर साब की. वो नाले की तरफ हाथ करके बार-बार खाली, खाली बोलती थीं." त्याने स्वतःचा हात तसाच लांब करून जमिनीकडे दाखवला. "मैं अंदर बैठा-बैठा यही सोचता रहा जी. आपकी बोली में नीचे को क्या बोलते हैं?"

बसमधून कंडक्टर हाक मारत होता. पन्नास कोसांत दुसरा मराठी माणूस नव्हता. टेकरामला हे विचारायला मीच होतो, आणि मी गेल्यावर कोणीच राहणार नव्हतं. तो उत्तराची वाट बघत होता. त्याला नोकरी परत नको होती, आणि काही नको होतं. आपल्या कानांनी त्या दिवशी काय ऐकलं, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं.

"नीचे ही बोलते हैं," मी म्हणालो.

त्याने मान खाली घालून विचार केला.

"तो फिर मैंने ही गलत सुना होगा जी," तो म्हणाला. मग खाली बसून त्याने माझी ट्रंक पाठीवर घेतली, शिडीने बसच्या टपावर चढला आणि ती दोरीने बांधली. गाठ दोनदा ओढून पाहिली. खाली उतरून मला म्हणाला की रस्ता वाईट आहे, पण आता ती पडायची नाही, तुम्ही निर्धास्त बसा.